रुंदीचा रकाना: तालुक्याच्या एका गावातली कोंडी आणि तिचा नकाशा

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, आणि पुढे येणारी रस्त्यांची नावंही बदललेली आहेत. गावाची रचना मात्र नीट सांगावी लागेल, कारण सगळं प्रकरण त्या रचनेवरच उभं आहे.

पूर्वेला रेल्वे, पश्चिमेला ओढा. राज्यमार्ग रेल्वेच्या उड्डाणपुलावरून गावात उतरतो आणि उतरल्या उतरल्या एसटी स्टँड लागतं. तिथपासून ओढ्यावरच्या पुलापर्यंत ६४० मीटरचा पेठ रस्ता. पुलापलीकडे तहसील कचेरी, कॉलेज आणि नव्या कॉलन्या. पेठ रस्त्याला समांतर, स्टँडच्या पाठीमागून आणखी एक रस्ता जातो, त्याला मागचा रस्ता म्हणू. तोही ओढ्यापर्यंत पोचतो, पण तिथे फरशी पूल आहे आणि पावसाळ्यात त्यावरून बहुतेक वेळ पाणी असतं. म्हणजे पावसाळाभर अर्धं गाव उरलेल्या अर्ध्या गावाला एकाच बोळातून भेटतं.

नगरपरिषदेनं आमच्या छोट्या कार्यालयाला काम दिलं ते ‘पेठ रस्त्यावरील वाहतूक कोंडीचा जीआयएस आधारित अभ्यास’ या नावानं. जीआयएस म्हणजे माहितीचे तक्ते जोडलेला संगणकावरचा नकाशा. कार्यादेशाच्या दुसऱ्या परिच्छेदात ‘रुंदीकरणाची आवश्यकता सिद्ध करणारे नकाशे’ असे शब्द होते. निष्कर्ष आधीच टाइप झाला होता, आम्ही नकाशा तेवढा जोडायचा होता. अशी कामं येतात आणि घेतलीही जातात. आम्ही तिघं होतो: मी, नुकताच डिप्लोमा झालेला एक मुलगा आणि नगरपरिषदेचा तरुण स्थापत्य अभियंता. हा अभियंता गावचाच. त्याचं नाव घेता येत नाही, पण या प्रकरणात शेवटपर्यंत टिकलेली गोष्ट त्याच्यामुळेच टिकली.

अडचण

शाळा-कॉलेजं सुटल्यापासून सात-साडेसातपर्यंत पेठ रस्ता तुंबतो, याबद्दल गावात दुमत नव्हतं. दुमत होतं ते गुन्हेगार कोण यावर. दुकानदार हातगाड्यांकडे बोट दाखवत. हातगाडीवाले म्हणत, सराफांच्या दुकानापुढे तासन्‌तास उभ्या असतात त्या मोटारी बघा. रिक्षावाल्यांना एसटी नडायची, एसटीच्या चालकांना वडाप. सगळ्यांचं एकमत फक्त एका वाक्यावर: रस्ता अरुंद आहे.

विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, पेठ रस्ता १८ मीटरचा दाखवलेला. जागेवर भिंतीपासून भिंतीपर्यंत ११ मीटर. मग दोन्ही बाजूंनी साडेतीन साडेतीन मीटर घेतले की प्रश्न मिटला, असा सरळ हिशेब होता. साडेतीन मीटर म्हणजे साडेअकरा फूट, आणि पेठेतली कितीतरी दुकानं जेमतेम दहा फूट खोल. ही दुसरी बाजू कागदावर कुठेच नव्हती.

नकाशा तयार करताना

पहिला निर्णय: पायाभूत नकाशा कुठला घ्यायचा? डीपीचं कॅडमधलं रेखाचित्र हाताशी होतं, पण त्याची मापं पृथ्वीवरच्या खऱ्या जागेशी बांधलेली नव्हती आणि त्यात आहे तो रस्ता व होणार तो रस्ता एकाच जाडीच्या रेघेनं काढलेला. एका ठिकाणी ९ मीटरचा रस्ता दाखवला होता. आम्ही गेलो तर तिथे वाड्याची भिंत आणि भिंतीला टेकून वाळत घातलेली गोधडी. म्हणून आम्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातलं रस्त्यांचं जाळं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवलं, ते पायी फिरून दुरुस्त केलं आणि डीपी फक्त वर पारदर्शक थर म्हणून ठेवला. हा निर्णय आजही बरोबर वाटतो.

उतरवलेलं जाळं अक्षांश-रेखांशात असतं. ते तसंच ठेवलं तर रस्त्याची लांबी अंशात येते. आमच्या डिप्लोमावाल्या मुलाच्या पहिल्या तक्त्यात पेठ रस्त्याची लांबी ०.००६ आली होती आणि तो ती किलोमीटर समजून बसला होता. गाव ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला असल्यामुळे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा (सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३) लावला आणि मीटर मिळाले. नागपूरकडच्या गावासाठी हाच पट्टा लावला तर चुकेल, तिथे ४४ लागतो.

मग जोडण्या. एक गल्ली पेठ रस्त्याला भिडायच्या चाळीस सेंटिमीटर आधीच संपत होती. डोळ्यांना स्क्रीनवर भिडलेली दिसते, संगणकाच्या लेखी मात्र ती बंद गल्ली. अशी टोकं शोधून जोडायची तर एक अंतर ठरवावं लागतं, तेवढ्या अंतरातली टोकं एकमेकांना चिकटतात. आम्ही घाईत पाच मीटर ठेवलं आणि शेजारशेजारच्या दोन बोळांचा एक बोळ झाला. मग एक मीटरवर आलो आणि उरलेली टोकं हातानं जोडली.

सगळ्यात मजेशीर चूक उड्डाणपुलाची. जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे चौक धरायचा, अशी आज्ञा आम्ही दिली होती. पुलाखालून रेल्वेलगतची एक गल्ली जाते. सॉफ्टवेअरनं तिथेही चौक केला आणि स्टँड ते रेल्वे कॉलनी हा सर्वांत जवळचा मार्ग म्हणून वाहनांना पुलावरून थेट खाली गल्लीत उतरवलं. अभियंता म्हणाला, “मॅडम, हा मार्ग जाहीर करा, कोंडी एका दिवसात संपेल.” तेव्हापासून पूल आणि त्याखालचा रस्ता छेदनबिंदूवर तोडायचा नाही, हे आमच्या कार्यालयात भिंतीवर लिहिलेलं आहे.

रुंदी कोणती धरायची

जाळं तयार झालं की प्रत्येक रस्त्याच्या तुकड्यामागे माहितीचे रकाने भरायचे असतात: नाव, लांबी, दिशा, पृष्ठभाग, रुंदी. बाकीचे रकाने दोन दिवसांत भरले, रुंदीच्या रकान्यात अडकलो.

डीपी म्हणते १८. भिंतीपासून भिंत ११. गटारं आणि त्यांवरच्या दुकानांच्या पायऱ्या वजा केल्या की डांबर उरतं साडेआठ. आणि संध्याकाळी सहाला, एका कडेला मोटारी व दुसऱ्या कडेला दुचाकींची रांग लागल्यावर, फीत लावली तर चालतं वाहन जाऊ शकेल अशी जागा साडेपाच ते सहा मीटर. भारतीय मानकांत दोन पदरी रस्ता सात ते साडेसात मीटरचा. म्हणजे डीपीत चार पदर मावतील असा रस्ता संध्याकाळी धड दोन पदरीही नव्हता.

फीत लावताना कोपऱ्यावर भाजी घेऊन बसलेल्या एका बाई म्हणाल्या, “ताई, आज काय मापताय? शुक्रवारी या. मग बघा किती उरतो ते.” मी हसले आणि फीत गुंडाळली. त्या दिवशी मंगळवार होता. हे वाक्य पुढे लागणार आहे.

आम्ही दोन रकाने केले: रुंदी सकाळची आणि रुंदी संध्याकाळची. बहुतेक अहवालांत एका रस्त्याला एकच रुंदी असते, कारण नकाशाला काळ कळत नाही. हा निर्णय साधा होता, पण बाकी सगळं त्यातून निघालं.

एक तास मोजला तेव्हा

मंगळवार आणि गुरुवार असे दोन दिवस मोजणी केली. आठवडी बाजार शुक्रवारी असतो, म्हणून तो मुद्दाम टाळला. ‘सर्वसाधारण दिवस’ घ्यावा, असं आम्ही शिकलेलो. मारुती चौकाजवळच्या दवाखान्याच्या गच्चीवर बसून पंधरा पंधरा मिनिटांच्या कप्प्यांत खुणा केल्या. मंगळवारी सर्वाधिक गर्दीच्या तासात दोन्ही दिशा मिळून आकडे असे आले: दुचाकी ९४०, रिक्षा १५०, मोटारी १३०, बस ३८, छोटे टेम्पो ४०, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ६, सायकली ७०.

या सगळ्यांची बेरीज तशीच करून चालत नाही, त्यांचं मोटारींच्या मापात रूपांतर करावं लागतं. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १०६ ही १९९० सालची मार्गदर्शिका आहे. तिच्यात दुचाकीला दोन किमती आहेत: एकूण वाहनांत दुचाकी ५ टक्के असतील तर ०.५, आणि १० टक्के किंवा जास्त असतील तर ०.७५. आमच्याकडे दुचाकी ६८ टक्के. म्हणजे ०.७५च. रिक्षाही १० टक्क्यांच्या वर, म्हणून १.२ नव्हे तर २. बस २.२, ट्रॅक्टर-ट्रॉली ४. बेरीज आली सुमारे १,३२७. घाईत कुणी दुचाकीला ०.५ लावलं तर तीच बेरीज १,०९२ होते. मी पूर्वी पाहिलेल्या अहवालांत ही घाई बऱ्याचदा दिसते.

आता हे १,३२७ कशाशी ताडायचं? त्याच मार्गदर्शिकेत दोन पदरी, दुतर्फा रस्त्याचे तीन आकडे आहेत. मुख्य रस्ता असेल तर तासाला १,५००, उपमुख्य असेल तर १,२००, आणि संकलक, म्हणजे गल्ल्यांतली वाहनं गोळा करून मोठ्या रस्त्याला आणणारा रस्ता असेल तर ९००. रस्ता तोच, पदर तेवढेच. फरक एवढाच की पहिल्यात कडेला वाहनं उभी नसतात आणि घरादारांतून थेट रस्त्यावर येणं नसतं. तिसऱ्यात सगळं मोकाट: दारं, पार्किंग, आडवे जाणारे.

डीपीत पेठ रस्ता ‘मुख्य’ म्हणून नोंदलेला. तसा धरला आणि दुचाकीला ०.५ लावलं तर भार, म्हणजे बेरीज भागिले मर्यादा, ०.७३ येतो, म्हणजे रस्ता चांगला चाललाय. आहे तसा, संकलक धरला आणि ०.७५ लावलं तर १.४७. एकच संध्याकाळ, एकच गच्ची, आणि उत्तर दुप्पट. बरं, मार्गदर्शिकेतले हे आकडे रस्त्याची कमाल क्षमता नसून नियोजनासाठीची मर्यादा आहेत, कमाल क्षमतेच्या साधारण ७० टक्के. त्यामुळे १.४७ म्हणजे कमाल क्षमतेच्या दीडपट नव्हे, तर तिच्या काठावर. सुखाचं मात्र नाहीच.

मला यातलं जास्त टोचलं ते वेगळंच. १,५०० आणि ९०० यांत जो ६००चा फरक आहे, तो भिंती पाडून मिळणारा नव्हता. तो कडेला उभ्या असलेल्या वाहनांचा, रस्त्यावर उघडणाऱ्या दारांचा आणि आडवे जाणाऱ्यांचा होता.

ठिपके

गूगलच्या नकाशात पेठ रस्ता संध्याकाळी नारिंगी दिसायचा, क्वचित लाल. गावकऱ्यांच्या मते तो गडद लाल असायला हवा होता. आमचा अंदाज असा की अरुंद रस्त्यावर दुचाकी फटीफटीतून निघून जाते, तिच्या खिशातल्या फोनचा वेग बसमधल्या फोनच्या वेगात मिसळतो आणि रंग सौम्य होतो. गूगलनं २०१७च्या अखेरीस भारतात दुचाकीसाठी वेगळा मार्गपर्याय आणला, पण नकाशावरचा रंग आम्हाला तरी एकच दिसत होता.

म्हणून मुलाला स्कूटरवर बसवलं आणि मी एसटीत बसले. दोघांच्या फोनमध्ये दर पाच सेकंदांनी स्थान टिपणारं ॲप. ओढ्याच्या पुलापासून स्टँडपर्यंत तेच ६४० मीटर. स्कूटर तीन मिनिटांच्या आत पोचली. बसला नऊ मिनिटं लागली. मी चालत आले असते तर त्याच सुमाराला पोचले असते.

कार्यालयात दोन्ही माग नकाशावर टाकले. वेळ सारखी असल्यामुळे वाहन जिथे हळू तिथे ठिपके दाट. स्कूटरचे ठिपके मण्यांच्या माळेसारखे सुटे सुटे. बसचेही पहिले चारशे-पाचशे मीटर तसे बरे होते, आणि शेवटच्या दीडशे मीटरमध्ये मुंग्यांची रांग साखरेच्या दाण्यावर तुटून पडावी तसा काळा गोळा. तो गोळा स्टँडच्या फाटकाशी होता.

स्टँडला आत जायचं आणि बाहेर यायचं अशी दोन फाटकं, दोन्ही पेठ रस्त्यावर, एकमेकांपासून चाळीस पावलांवर. पुलाकडून येणारी बस उजवीकडे वळून आत शिरते आणि राज्यमार्गाकडे निघालेली बस उजवीकडे वळूनच बाहेर पडते. दोन्ही वेळा ती समोरच्या प्रवाहाला आडवी जाते. तिला वाट मिळेपर्यंत दोन्ही दिशा थांबतात, आणि थांबलेल्या रांगेच्या बाजूनं दुचाकी पुढे सरकून समोरची जागाही भरून टाकतात. मग बसला वळायलाच जागा उरत नाही.

आमच्या मूळ नकाशात हे फाटक नव्हतंच. रस्त्यांच्या जाळ्यात चौक असतात, फाटकं नसतात.

पर्याय

त्याआधी जाळं किती घट्ट जोडलेलं आहे ते सांगणारे सगळे निर्देशांक काढून झाले होते. २१२ चौक-टोकं, २८६ तुकडे, बीटा १.३५, गॅमा ०.४५. अहवालात हे असावं लागतं म्हणून आहेत. सभेत वाचले तेव्हा कुणाचीही भुवई हलली नाही, आणि ते योग्यच होतं.

मध्यवर्तीपणाचा नकाशा मात्र कामाचा निघाला. प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी जाणारा सर्वांत जवळचा मार्ग काढायचा आणि कुठला तुकडा किती वेळा वापरला जातो ते मोजायचं. पेठ रस्ता अर्थातच पहिला आला, ते सांगायला संगणक लागत नव्हता. पण फरशी पुलाचा तुकडा चालू केला की पेठ रस्त्यावरचे मार्ग सरळ दोन वाटांत विभागले जात होते. तो पूल बारमाही झाला तर गावाला दुसरी वाट मिळते, हे नकाशानं एका चित्रात दाखवलं.

यातही खोट आहे. गावातला प्रत्येक माणूस प्रत्येक ठिकाणी जात नाही. कोण कुठून कुठे जातो याची माहिती आमच्याकडे नव्हती. दीत्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञानं १९६८ साली दाखवून दिलंय की नवा रस्ता जोडल्यानं सगळ्यांचाच प्रवास लांबण्याची शक्यताही असते. आमच्या पुलाचं तसं होईल असं मला वाटत नाही, पण होणार नाही हे सिद्ध करण्याजोगं काही माझ्या हाती नव्हतं, आणि अहवालात तसं लिहिलं.

समोर चार गोष्टी होत्या. रुंदीकरण: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६च्या कलम १२६नुसार जागा समजुतीनं घ्या, टीडीआर (दुसरीकडे बांधायचा, विकता येणारा हक्क) किंवा एफएसआय (जास्त बांधकामाची परवानगी) देऊन घ्या, नाहीतर संपादन करा. तालुक्याच्या गावात टीडीआरला फारसं गिऱ्हाईक नसतं आणि संपादनाला पैसा नसतो, त्यामुळे वर्षं जाणार हे नक्की. फरशी पुलाच्या जागी उंच पूल: हाही वेळखाऊ, पण त्यात कुणाचं दुकान जात नव्हतं. पेठ रस्ता व मागचा रस्ता यांची एकेरी जोडी, स्टँड ते मारुती चौक एवढ्याच टप्प्यात: स्वस्त, पण दुकानदारांचा विरोध ठरलेला. आणि चौथी, जी आम्हाला उशिरा सुचली. स्टँडला मागच्या रस्त्यावर तिसरं फाटक होतं. कुलूप लागलेलं, आतून भंगार टायरांचा ढीग. कधीकाळी बस तिथूनच निघायच्या, असं एका जुन्या कंट्रोलरनं सांगितलं.

मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात

सर्वांत अवघड निर्णय तांत्रिक नव्हता. कार्यादेशात रुंदीकरण सिद्ध करायला सांगितलं होतं आणि आमच्या हातात निघालेलं उत्तर ‘आधी फाटक आणि पार्किंग बघा’ असं होतं. १.४७ हा आकडा एकटा छापला असता तर रुंदीकरण सिद्ध झालं असतं आणि बिलही निघालं असतं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मुख्याधिकाऱ्यांसमोर ०.७३ आणि १.४७ शेजारी शेजारी ठेवले. ते म्हणाले, “मॅडम, मला एक सांगा. रस्ता भरलाय की नाही?” मी म्हटलं, “साहेब, रस्त्यावर पार्किंग राहणार असेल तर भरलाय. नसेल तर अजून जागा आहे. ते तुम्ही ठरवायचंय.” ते थोडे चिडले. अभियंत्यानं तेवढ्यात लॅपटॉप फिरवून ठिपके दाखवले. ते बघून साहेब पुढे झुकले. त्यांनी गोळ्यावर बोट ठेवलं. “हे तर फाटक.” पुढची दहा मिनिटं आम्हाला बोलावं लागलं नाही.

काय केलं

आगार व्यवस्थापकांनी टायर हलवले आणि राज्यमार्गाकडच्या बस मागच्या फाटकातून सोडायला तयारी दाखवली. तिथून डावीकडे वळलं की बस कुणाला आडवी न जाता उड्डाणपुलाच्या पायथ्याशी पोचते. पेठ रस्त्यावर सम-विषम तारखेचं पार्किंग आणि पांढरा पट्टा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ११५ व ११६खाली अधिसूचना निघून संध्याकाळी पाच ते आठ एकेरी वाहतूक, पंधरा दिवस प्रायोगिक. पावसाळा, गणपती, दिवाळी असं करत मुहूर्त लागला जानेवारीत.

काय झालं

सुरुवातीचे दिवस सुरळीत. बस नऊच्या जागी पाच-साडेपाच मिनिटांत येऊ लागली.

पहिला शुक्रवार उजाडला. बाजारतळ मागच्या रस्त्याला लागून आहे आणि बाजाराच्या दिवशी पथाऱ्या तळावर मावत नाहीत, त्या रस्त्यावर येतात. हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. आमच्या नकाशात मागच्या रस्त्याची संध्याकाळची रुंदी साडेसहा मीटर होती, मंगळवारी मोजलेली. पहिली बस फाटकाबाहेर आली आणि मेथीच्या जुड्यांसमोर थांबली. मागे दुसरी, तिसरी. एकेरीमुळे पेठ रस्त्यानंही उलट येता येईना. पंचवीस मिनिटं सगळं गाव जागच्या जागी. पोलीस निरीक्षकांनी शेवटी दोन्ही रस्ते दुतर्फा मोकळे केले. कोपऱ्यावरच्या बाई त्या दिवशी मागच्या रस्त्यावर बसल्या होत्या. मला बघून त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त आपली टोपली बससाठी दोन वीत आत ओढली.

दुकानदारांना निमित्त हवंच होतं. रिक्षावाल्यांचा फेरा वाढला होता आणि भाडं तेवढंच. अकराव्या दिवशी एकेरी मागे घेतली. मागचं फाटक राहिलं, शुक्रवार सोडून. पट्टा राहिला, पण पोलीस उभा असेल त्या संध्याकाळीच पाळला जातो. पुलाचा प्रस्ताव रुंदीकरणाच्या आधी पाठवायचा ठराव झाला.

आता त्या पाच-साडेपाच मिनिटांबद्दल. आम्ही अहवालाच्या मसुद्यात ‘उपायांमुळे प्रवासवेळेत लक्षणीय घट’ असं लिहून टाकलं होतं. अभियंत्यानं समासात पेन्सिलीनं लिहिलं: “आधीची मोजणी सप्टेंबरची. फरशी पूल पाण्याखाली होता. जानेवारीत तो चालू आहे.” त्याचं बरोबर होतं. घट फाटकामुळे किती आणि फरशी पूल उघडल्यामुळे किती, हे आमच्या मोजणीतून सांगताच येत नव्हतं. उलट बाजूनं, जानेवारीत गळीत हंगाम भरात असतो आणि दोन दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर गावातून जातात. सप्टेंबरच्या तासात ट्रॅक्टर होते सहा. मार्गदर्शिकेत ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४ ते ५ किंमत आहे, जोडट्रॉलीचा वेगळा आकडा नाही. एकानं घटवलं, दुसऱ्यानं वाढवलं, आणि आम्ही दोन वेगळ्या ऋतूंतली गावं एकमेकांशी ताडत बसलो होतो. मसुद्यातलं वाक्य काढलं. ठिपक्यांचा काळा गोळा मात्र फाटकापासून विरळ झाला होता, आणि तेवढं आम्ही ठेवलं.

पुन्हा करायचं झालं तर

शुक्रवार आधी मोजेन. ‘सर्वसाधारण दिवस’ ही कल्पना रोज सारख्या चालणाऱ्या शहरासाठी ठीक असेल. तालुक्याच्या गावात आठवड्यातला एक दिवस बाकीच्या सहा दिवसांचे नियम मोडतो, आणि उपाय कोसळायचा असेल तर तो त्याच दिवशी कोसळतो.

बसमध्ये पहिल्याच दिवशी बसेन. आम्ही तीन आठवडे जाळं साफ करण्यात घालवले आणि फाटक सापडलं एका संध्याकाळच्या तिकिटात. जाळ्याचं काम वाया गेलं असं नाही, फरशी पुलाचं महत्त्व त्यातूनच कळलं. पण क्रम उलटा हवा होता.

एकेरी आणि फाटक एकाच दिवशी सुरू करणार नाही. दोन्ही एकदम केल्यामुळे शुक्रवारच्या गोंधळाचं खापर एकेरीवर फुटलं, खरी अडचण फाटकाबाहेरच्या बाजाराची होती. एकेरीला न्याय मिळाला की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. दुकानांत माल उतरवणाऱ्या टेम्पोंची वेळ आम्ही विचारलीच नव्हती, ती चूकही तिच्याच नावावर गेली.

आणि मोजणी एकदा करून थांबणार नाही. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा पैशाचं काय, असा प्रश्न आला आणि विषय तिथेच संपला.

मार्चमध्ये अभियंत्यानं एक फाइल पाठवली. सोबत पत्र नाही, फोन नाही. आमचंच जाळं होतं, क्यूजीआयएस त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर टाकून घेतलं होतं. माहितीच्या तक्त्यात आमच्या दोन रकान्यांपुढे आणखी दोन दिसले: ‘रुंदी हंगाम’ आणि ‘रुंदी शुक्रवार’. पेठेतल्या प्रत्येक तुकड्यासमोर फीत लावून मोजलेले आकडे, सेंटिमीटरपर्यंत. मागच्या रस्त्याच्या बाजारतळाजवळच्या तुकड्यासमोर, शुक्रवारच्या रकान्यात, त्यानं शून्य लिहिलं होतं.